साहेबांना गिफ्ट कार्ड हवं असेल, तर आधी साहेबांना फोन लावा

जिल्हाधिकारी, मुख्याध्यापक, बँक मॅनेजर, पोलीस, वीज कंपनी किंवा आयकर खातं, यांपैकी कुणीही कधीही गिफ्ट कार्डाच्या, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेल्या खरेदीच्या कार्डाच्या, रूपात पैसे मागत नाही. मागितले, तर समोरचा माणूस तोतया आहे. याला अपवाद नाही. हे आधी मनाशी पक्कं करा आणि मग पुढचं वाचा, कारण हा प्रकार प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा तो फसवणूक वाटत नाही. साहेबांनी विश्वासाने सांगितलेलं काम वाटतं.

मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. सातबारा काढायला, पीक विमा नाहीतर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला माणसं येतात आणि मधेच फोन पुढे करून म्हणतात, "भाऊ, हे बघ बरं, साहेबांचं काय आलंय." असे मेसेज पाहून पाहून त्यांची चाल आता ओळखीची झाली आहे. ती इथे सविस्तर सांगतो.

मेसेज कसा येतो

नंबर अनोळखी असतो. डीपीला मात्र तुमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचा, प्राचार्यांचा किंवा पतसंस्थेच्या चेअरमनचा फोटो असतो. नाव बरोबर, पद बरोबर. पहिला मेसेज बहुतेक वेळा इंग्रजीत आणि अगदी साधा: "हॅलो, हाऊ आर यू? आर यू अवेलेबल?" तुम्ही "येस सर" लिहिता. मग दुसरा येतो, मी महत्त्वाच्या मीटिंगमध्ये आहे, फोन घेता येणार नाही. तिसरा, काही पाहुण्यांना गिफ्ट कार्डं द्यायची आहेत, तुम्हाला ऑनलाइन काढता येतील का? पैसे संध्याकाळी देतो. तुम्ही हो म्हटलंत की हुकूम सुटतो: पाच हजारांची चार काढा आणि कोडचे फोटो इथेच पाठवा. ती चार गेली की "अजून चार लागतील".

यातली एकही ओळ उगाच आलेली नसते. "अवेलेबल आहात का" यातून तुम्ही उत्तर देणारे आहात की नाही हे कळतं. मीटिंगचं कारण सांगून तुम्ही फोन लावायची वाट बंद केली जाते. कधी कधी "कुणाला सांगू नका, सरप्राइज आहे" असंही येतं, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारायची वाटही बंद. आणि संध्याकाळी पैसे परत मिळणार म्हटल्यावर खिशातून घालायला हात आखडत नाही. आपल्याकडे साहेबांना उलट प्रश्न विचारायची सवय नाही. ज्याची नोकरी नवी आहे किंवा बदलीचा अर्ज वर पडून आहे, तो तर विचारणारच नाही. फसवणारा तुमच्या अडाणीपणावर नाही, तुमच्या आज्ञाधारकपणावर डाव लावतो. म्हणूनच यात शिकलेली माणसंही सापडतात.

एप्रिल 2022 मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरू लागले आणि त्यांच्या सचिवालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने आलेल्या मेसेजवर विसंबून एक कोटीहून जास्त रक्कम पाठवली गेली. तिथे गिफ्ट कार्ड नव्हतं, थेट बँक खात्यांत पैसे गेले. पण खेळ तोच, साहेबाचं नाव आणि घाई.

आपली माहिती त्यांना कुठून मिळते, असं लोक विचारतात. बरीचशी आपणच देतो. कॉलेजच्या वेबसाइटवर प्राध्यापकांची यादी मोबाइल नंबरासकट असते. सत्काराचे, सेवापूर्तीचे, वाढदिवसाच्या बॅनरचे फोटो फेसबुकवर असतात, खाली प्रत्येकाचं नाव आणि हुद्दा. कोण कुणाचा साहेब हे तेवढ्यावरून लागतं.

त्यांना गिफ्ट कार्डच का हवं असतं

गिफ्ट कार्ड म्हणजे आधी भरून ठेवलेले पैसे. छापील कार्ड असो की ईमेलवर आलेलं, त्याचं सगळं मोल त्या कोडमध्ये असतं. काही कंपन्यांत कार्ड नंबर आणि पिन असे दोन आकडे असतात, काहींत अक्षरं आणि आकडे मिळून एकच कोड. कोड ज्याच्या हाती, पैसे त्याचे. चोपडा गावच्या बाजारात खिशातून पडलेल्या पाचशेच्या नोटेवर जसं तुमचं नाव नसतं, तसंच कोडचं आहे. समोरच्याने तो आपल्या खात्यात जोडला की शिल्लक त्याच्याकडे गेली. तिथून तो वस्तू मागवतो किंवा कमी भावात दुसऱ्याला विकतो.

यूपीआयने पैसे घेतले तर मागे बँक खातं असतं, खात्याला केवायसी, म्हणजे खातेदाराच्या ओळखीची नोंद, असतं, आणि तक्रार वेळेत झाली तर ते खातं गोठवता येतं. कोडला हे काहीच नाही. तुमचा व्यवहार एका खऱ्या, नामांकित कंपनीशी झालेला असतो आणि तुम्हीच बँकेचा पिन टाकून केलेला असतो. त्यामुळे बँकेलाही त्यात संशयास्पद काही दिसत नाही. ही डोकेदुखी आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे 2023 या एका वर्षात लोकांनी गिफ्ट कार्डातून गमावलेल्या 21 कोटी 70 लाख डॉलरची नोंद झाली.

रक्कम तुकड्यांत का मागतात, तेही समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांनुसार त्यांच्या नियमाखाली येणारं एक गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त 10,000 रुपयांचं असतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्याची रोख रक्कमही काढता येत नाही. म्हणून "दहाची पाच", "पाचची चार" अशी भाषा. साहेबांना खरोखर भेट द्यायची असती, तर एकसारख्या रकमेची इतकी कार्डं आणि तीसुद्धा तासाभरात कशाला लागली असती?

याच झाडाच्या इतर फांद्या

नातेवाइकाच्या नावाने येणारा मेसेज. फेसबुकवर तुमच्या मावसभावाचा फोटो लावून नवं खातं उघडतात, नाहीतर त्याचं खरं खातंच ताब्यात घेतात. मग "दवाखान्यात आहे", "मुलीचा वाढदिवस आहे, माझं कार्ड चालत नाहीये, एक गुगल प्लेचं कार्ड पाठव." इथे एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. गुगल प्लेच्या कार्डाने फक्त गुगल प्लेवरचीच खरेदी होते. त्याने दवाखान्याचं बिल भरता येत नाही, दंड भरता येत नाही, पार्सलही सुटत नाही. कुणी तसं सांगितलं की तिथेच संपलं.

पोस्टाने येणारं स्क्रॅच कार्ड. हे आपल्या खेडोपाडी फार फिरतं. जाड पाकीट, वर एखाद्या ऑनलाइन खरेदी कंपनीचं नाव, आत चकचकीत कुपन. खरवडलं की मोटारसायकल नाहीतर कार हमखास निघते. खालच्या नंबरवर फोन केला की आधी "प्रोसेसिंग फी", मग "जीएसटी", मग "आरटीओ". दर वेळी पुढची रक्कम वाढलेली, आणि कधी ती गिफ्ट कार्डात मागितलेली. शहादा, शिरपूर, रावेर कुठेही असा, पाकिटावर तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता बरोबर आहे म्हणून ते खरं ठरत नाही. पत्त्यांच्या याद्या विकत मिळतात. कुपन फाडून टाका.

पोरांच्या मोबाइल गेममधले "फुकट डायमंड" आणि "रिडीम कोड जनरेटर". असा कोड तयार करणारी वेबसाइट अस्तित्वात असूच शकत नाही, कारण कोड कंपनीच्या नोंदीत असावा लागतो. या साइट पासवर्ड पळवतात नाहीतर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप) टाकायला लावतात. आठवी-नववीतला मुलगा सारखा फोन मागतोय आणि खात्यातून शंभर-दोनशे जातायत असं दिसलं, तर ओरडण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारा.

अर्ध्या भावात कार्ड विकणारे. टेलिग्रामवर 2,000 चं कार्ड 1,200 ला मिळतं म्हणतात. ते एक तर वापरून झालेलं असतं, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी फसवून घेतलेलं असतं. पहिल्यात पैसे बुडतात आणि दुसऱ्यात पोलीस तुमच्या दारात येतात.

दुकानातून छापील कार्ड घेताना खरवडायची पट्टी आणि पाकीट नीट पाहा. पट्टीवर वरून चिकटवलेलं स्टिकर किंवा उघडून पुन्हा डकवल्याची खूण दिसली तर दुसरं मागा. पावती जपून ठेवा. शिल्लक तपासायची असेल तर कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरच तपासा. गुगलवर शोधून सापडलेल्या "बॅलन्स चेक" साइटवर कोड टाकू नका, तिथे टाकलेला कोड थेट चोराकडे जातो.

मेसेज आला, आता करायचं काय

पहिली गोष्ट, थांबा. उत्तर देऊ नका, "येस सर" सुद्धा नको. खऱ्या साहेबांचं काम अर्ध्या तासाने अडत नाही.

दुसरी, त्यांना फोन लावा. पण मेसेज आलेल्या नंबरवर नको. तुमच्या फोनमध्ये आधीपासून जतन असलेल्या नंबरवर लावा. "माझा नंबर बदललाय" असं लिहिलं असेल तर जुन्यावर लावा. उचलला नाही तर ऑफिसच्या क्लार्कला, शिपायाला, शेजारच्या केंद्रप्रमुखांना विचारा: साहेब खरंच मीटिंगला आहेत का? साहेब रागावतील ही भीती मनातून काढून टाका. आपल्या नावाने कुणी पैसे मागतंय हे कळलं, तर कुठलाही साहेब आभारच मानेल.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी, आणि ती आपल्या खान्देशात चांगलीच कामी येते. नातेवाइकाच्या नावाने मेसेज असेल तर अहिराणीत बोला. "कोन बोली ऱ्हायना?" असं विचारा, गावातल्या एखाद्या माणसाचं हाकेचं नाव घ्या, यंदा कानबाई (आपली खान्देशातली देवी) कुणाच्या घरी बसली होती ते विचारा. लांबून फसवणारा इंग्रजी-हिंदीत पोपटासारखं बोलेल, पण जिभाऊ आणि आबा यांच्यातलं नातं त्याला सांगता येणार नाही. पण निव्वळ आवाजावर विसंबू नका. आता रेकॉर्डिंगवरून कुणाच्याही आवाजाची नक्कल यंत्राने करता येते. म्हणून ओळख पटवायची ती घरातल्यांनाच ठाऊक असलेल्या गोष्टीवरून. घरात सगळ्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवला तर फारच उत्तम. तो व्हॉट्सअ‍ॅपवर कधी लिहायचा नाही, तोंडीच सांगायचा.

चौथी, स्क्रीनशॉट काढा, नंबर दिसेल असा. मग व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आणि ब्लॉक करा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर "चक्षू" नावाची सोय 2024 पासून आहे. पैसे गेले नसले तरी अशा नंबराची माहिती तिथे देता येते. आणि शाळेच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर लगेच टाका. तुमच्याकडे आला म्हणजे तोच मेसेज आणखी वीस जणांकडे गेलेला असतो आणि त्यांपैकी एखादा त्याच क्षणी कार्ड काढत असतो.

आधीच करून ठेवायच्या गोष्टी

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जा आणि प्रोफाइल फोटो "माय कॉन्टॅक्ट्स"वर ठेवा. तिथेच खात्याच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, म्हणजे तुमचं खातं पळवून तुमच्याच नावाने भाच्याकडे पैसे मागता येणार नाहीत. फेसबुकवरची मित्रयादी लपवा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये यूपीआय आणि कार्डाची रोजची मर्यादा गरजेपुरतीच ठेवा. रोज दोन-तीन हजारांचाच व्यवहार असेल तर लाखाची मर्यादा कशाला?

मुख्याध्यापक, प्राचार्य, चेअरमन यांना माझी हात जोडून विनंती आहे. एक लेखी सूचना काढा: "या संस्थेत कुणीही व्हॉट्सअ‍ॅपवरून पैसे किंवा गिफ्ट कार्ड मागणार नाही, मागितल्यास मला प्रत्यक्ष फोन करावा." नोटीस बोर्डावर लावा, मीटिंगमध्ये वाचून दाखवा. कनिष्ठांना साहेबांना फोन लावण्याची परवानगी साहेबांनीच दिलेली असली, की या फसवणुकीचा कणाच मोडतो. वेबसाइटवर सगळ्यांचे खासगी नंबर असतील तर ते काढा, ऑफिसचा एक ठेवा.

मोबाइलच्या दुकानदारांनाही सांगणं आहे. एखादे नाना किंवा आक्का हातात फोन धरून, घाबऱ्याघुबऱ्या "पाच हजारांची चार कार्डं काढून दे" म्हणाले, तर एवढंच विचारा, "कुणासाठी हवीत? त्यांच्याशी बोललात का?" तुमचं थोडं कमिशन बुडेल, पण त्यांची महिन्याची पेन्शन वाचेल. भुसावळसारख्या गावात रेल्वेचे, आयुध निर्माणीचे कितीतरी निवृत्त लोक एकटे राहतात, मुलं पुण्याला असतात. त्यांना थांबवणारं शेवटचं माणूस काउंटरच्या मागेच उभं असतं.

मुलांनी काय करावं? अखाजीला (अक्षय तृतीयेला) किंवा दिवाळीला घरी आलात की आईवडिलांचा फोन घ्या आणि वरची सगळी सेटिंग्ज त्यांच्या समोर बसून करा. त्यांना दाखवत करा, हिसकावून नको.

कोड पाठवून झाला असेल तर

इथे मिनिटं मोजायची असतात, म्हणून क्रम सांगतो.

आणखी एकही कोड पाठवू नका. मग पाठवलेला कोड लगेच स्वतःच्या खात्यात जोडायचा प्रयत्न करा. फसवणाऱ्याने तो अजून वापरला नसेल तर शिल्लक तुमच्या खात्यात येईल आणि त्याच्या हाती रिकामा कोड राहील. ही गोष्ट फार थोड्यांना सुचते. चार कार्डांपैकी एक जरी असं वाचलं तरी पाच हजार वाचले.

जे जोडलं जात नाही, त्यासाठी ज्या कंपनीचं कार्ड आहे तिच्या अ‍ॅपमधल्या मदत विभागातून संपर्क साधा आणि फसवणुकीत गेलेला कोड रोखायला सांगा. ऑर्डर क्रमांक, कार्ड क्रमांक आणि पावती हाताशी ठेवा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात आणि एका फसवणुकीतून माणूस थेट दुसरीत जातो.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला 1930 वर फोन लावायला सांगा. ही आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिच्या यंत्रणेशी बँका आणि वॉलेट तर जोडलेले आहेतच, मोठ्या ऑनलाइन खरेदी कंपन्याही आहेत. तिथे नुसतं "पैसे गेले" म्हणू नका. "या कंपनीची गिफ्ट कार्डं विकत घेतली आणि कोड फसवून घेतले" असं स्पष्ट सांगा, नाहीतर शोध तुमच्या बँकेपासून त्या कंपनीपर्यंत जाऊन थांबेल. व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक द्या. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर स्वतः तक्रार नोंदवा. मिळालेला पोच क्रमांक लिहून ठेवा. बँकेलाही कळवा, विशेषतः तुम्ही ओटीपी किंवा पिन सांगितला असेल किंवा समोरच्याने पाठवलेलं अ‍ॅप टाकलं असेल तर. तसं अ‍ॅप टाकलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि बँकेला फोन दुसऱ्या मोबाइलवरून लावा.

चॅट डिलीट करू नका. लाजेपोटी लोक हेच पहिलं करतात आणि पुरावा जातो. स्क्रीनशॉट, पावती, बँकेचं स्टेटमेंट यांच्या छापील प्रती घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. जळगाव, धुळे, नंदुरबारपर्यंत लगेच जाणं जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, त्यामुळे "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318, तोतयेगिरीसाठी 319 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी ही कलमं लक्षात असू द्या.

पैसे परत मिळतील का? कोड वापरला गेला असेल तर शक्यता कमी असते, हे मी लपवणार नाही. अनधिकृत व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम बरेच जण पुढे करतात. पण तो खातेदाराने स्वतः न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. कार्ड तुम्ही स्वतः पिन टाकून घेतलं असेल तर त्या नियमाचा आधार सहसा मिळत नाही. तरीही तक्रार कराच. त्या नंबरावर आणखी कितीजणांच्या तक्रारी आहेत हे पोलिसांना त्यातूनच कळतं.

घरच्यांनी एक जपावं. ज्याचे पैसे गेले त्याला "एवढं शिकून काय उपयोग" असं चारचौघांत ऐकवू नका. त्याला आधीच रात्रभर झोप लागलेली नसते. आणि असं ऐकलेला माणूस पुढच्या वेळी काही झालं तर सांगतच नाही.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी बहुधा आणखी एक फोन येतो. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला फक्त दोन हजार फी भरा." एकदा फसलेल्यांचे नंबर या टोळ्या एकमेकांना विकतात. पोलीस पैसे परत करायला फी घेत नाहीत. फोन ठेवा, तो नंबर तुमच्या तक्रारीच्या पोच क्रमांकासोबत ठाण्यात कळवा आणि घरात ज्या कुणाकडे तो फोन जाऊ शकतो त्याला आजच सांगून ठेवा.